शेत तारण ठेवण्याआधी तिला लाइनवर जाऊ द्या

पत्र : मी कागल तालुक्यातला. बावीस वर्षं दूध संघाच्या शीतकरण केंद्रात नोकरीला आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. साबण, बिस्किटं, कॉफी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर जायचं असं तिच्या मनात आहे. नेस्लेचे माजी प्रमुख मार्क श्नायडर मूळचे जर्मन आणि हार्वर्डचे एमबीए, असं आम्ही वाचलं. कोल्हापुरातल्या एका एजंटाने जर्मनीतल्या खासगी संस्थेत एमबीए सुचवलंय, राहण्याखाण्यासकट 35 लाख. दीड एकर ऊस आहे, तो तारण ठेवला तर कर्ज निघतं. सध्या ती सुट्टीत एका डिस्ट्रिब्युटरकडे बिलिंगला जाते आणि आता सेल्समनबरोबर लाइनवर, म्हणजे दुकानोदुकानी ऑर्डर घ्यायला, जाऊ का म्हणते. मला ते पसंत नाही. माझं आयुष्य दुधाच्या वासात गेलं, तिचं तरी जाऊ नये. काय करावं?

– एक पालक

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘दुधाच्या वासात’ या शब्दांपाशी अडखळले. त्याचं कारण असं की तुम्ही ज्या खुर्चीबद्दल लिहिलंय, त्या खुर्चीत श्नायडर यांच्या आधी आणखी एक जर्मन बसून गेला. त्याचे वडीलही डेअरीतच कामाला होते.

हेल्मुट माउखर त्यांचं नाव. जन्म 1927 चा, दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय भागात, आयझेनहार्त्स नावाच्या खेड्यात. आल्गॉय म्हणजे कुरणं, गाई आणि चीज, आपल्याकडच्या पंचगंगेच्या काठासारखाच दुधावर जगणारा मुलूख. गावच्या डेअरीत वडील होते आणि ती डेअरी नेस्लेकडे गेली. शाळा संपवून पोरगा त्याच दूधकारखान्याच्या कचेरीत उमेदवारी करायला लागला. साल 1948 च्या आसपासचं. युद्धात देश बेचिराख झालेला, जर्मनीत नवं चलन नुकतंच आलेलं. तिथून तो कंपनीच्या फ्रँकफर्टच्या कार्यालयात गेला आणि नोकरी सांभाळून तिथल्या विद्यापीठात वाणिज्य व्यवस्थापनाची पदवी घेतली. 1975 मध्ये जर्मनीतल्या नेस्लेचा प्रमुख झाला आणि 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हेवेला, सगळ्या जगाच्या नेस्लेचा. म्हणजे उमेदवारीपासून तिथवर तेहतीस वर्षं लागली.

वर गेल्यावर त्यांनी केलेली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. देशोदेशीच्या कंपन्यांकडून दर महिन्याला जाडजूड अहवाल यायचे. ते बंद करून त्यांनी महिन्याला एक पान मागितलं. ज्याने खालून काम केलंय त्याला कुठला आकडा खरा आणि कुठला पानं भरायला घातलाय हे लगेच कळतं. तुम्हाला नाही का कळत, दुधाचं सॅम्पल हातात आल्याबरोबर?

मोठ्या गोष्टीही केल्याच. 1985 मध्ये अमेरिकेतली कार्नेशन कंपनी 3 अब्ज डॉलरला घेतली. ती आटीव दुधाची कंपनी होती, दूधवाल्याच्या पोराने दूधच घेतलं म्हणा. 1988 मध्ये इंग्लंडमधली राउनट्री घेतली, तिच्याबरोबर किटकॅट आलं. 1992 मध्ये पेरिये पाणी. आपल्याकडे मॅगी नूडल्स आल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत, आणि गोव्यात फोंडा (1995) आणि डिचोली (1997) इथले कारखानेही त्याच काळातले. 2018 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

देव्हाऱ्यात बसवायचा माणूस मात्र नव्हे हा. काम न करणाऱ्या आणि करू न शकणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी ‘समृद्धीतला कचरा’ अशा अर्थाचा एक जर्मन शब्द वापरला, आणि 1997 चा सर्वांत निंद्य शब्द म्हणून जर्मनीत त्याचीच निवड झाली. खालून वर आलेला माणूस खालच्यांबद्दल कधीकधी असा कठोर होतो. लेकीला हेही सांगा.

आता श्नायडर. ते 1965 चे, ऱ्हाइनकाठच्या नॉयवीडचे. सेंट गालेनला पदवी आणि डॉक्टरेट, 1989 पासून हानिएल या जर्मन उद्योगसमूहात नोकरी, आणि हार्वर्डचं एमबीए 1993 चं. तारखांचा क्रम बघा. हार्वर्डआधी नोकरी आहे, डॉक्टरेट आहे. बाविसाव्या वर्षी शेत तारण ठेवून घेतलेली पदवी ती नव्हे. पुढे ते डायलिसिस आणि दवाखान्यांच्या फ्रेझेनियस कंपनीत गेले, 2003 ते 2016 तिचे प्रमुख होते. तुमच्या लेकीला ज्या धंद्यात जायचंय, त्यात त्यांनी पाऊल ठेवलं तेच मुळी 2017 मध्ये, नेस्लेचे प्रमुख म्हणून. बाहेरचा माणूस थेट त्या खुर्चीत बसवायची वेळ 1922 नंतर पहिल्यांदाच आली होती. तेव्हा ‘हार्वर्ड केलं म्हणून बिस्किटांच्या कंपनीत मोठे झाले’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत जुळत नाही.

2024 मध्ये संचालक मंडळाने त्यांना बदललं आणि 1986 पासून कंपनीत मुरलेले लॉरां फ्रेक्स यांना आणलं. इथे मी ‘बघा, घरचाच माणूस बरा’ म्हणणार होते, पण वर्षभरातच, हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेले संबंध लपवल्याच्या कारणावरून, फ्रेक्स यांनाही काढलं. एवढ्या उंचीवरच्या खुर्चीची भविष्यवाणी करू नये. आपण पहिल्या दहा वर्षांचं बोलू.

त्या दहा वर्षांबद्दल मी थोडं अधिकाराने सांगू शकते. समुपदेशनात येण्याआधी नऊ वर्षं मी एका ग्राहकवस्तूंच्या कंपनीत विक्रीत होते, पहिली नेमणूक इचलकरंजी. तिथे यंत्रमाग कामगारांचा पगार झाला की दुकानांत झुंबड, एरवी माशा मारायच्या. पहिल्याच आठवड्यात एका किराणा दुकानदाराला मी नवी स्कीम सांगायला लागले, बारा डझनावर एक डझन फुकट. त्याने ऐकून घेतलं, वाकून काउंटरखालून एक खोका ओढला आणि माझ्या पायाशी ठेवला. आत भिजून फुगलेले पुडे, वर बुरशी. ‘ताई, स्कीम राहू दे. आधी हा डॅमेज माल उचला, चार महिने झाले.’ त्याला क्रेडिट नोट, म्हणजे खराब मालाची वजावट, मिळायला आणखी तीन महिने गेले. तेवढ्यात पुण्याच्या बैठकीत एक साहेब पडद्यावर आलेख दाखवून सांगत होते की इचलकरंजीत मागणी मंदावली आहे. मागणी कसली मंदावली! त्या खोक्यामुळे दुकानदार आमचा माल मागच्या फळीवर ढकलत होता. हे मला ठाऊक होतं, कारण तो वास मी घेतला होता.

म्हणून सांगते, तुमची मुलगी आज डिस्ट्रिब्युटरकडे जे करते ते कमी दर्जाचं काम नाही. या धंद्याची बाराखडी तिथेच आहे. आज संध्याकाळी तिला विचारून बघा, कुठला पुडा सर्वांत जास्त फिरतो, पाचचा की दहाचा? उधारी किती दिवसांची चालते? महिनाअखेरीला टार्गेटसाठी गोडाऊनमध्ये माल कोंबला की पुढच्या महिन्यात काय होतं? तिने भराभर उत्तरं दिली, तर ती निम्मी तयार आहे असं समजा.

आणि तुम्ही. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचा) दर तुम्हाला झोपेत विचारला तरी सांगाल. दूध पावडरचा भाव पडला की गावातल्या दराला कधी झळ लागते, उन्हाळ्यात संकलन किती घटतं, दिवाळीत खव्याला दूध कुठून वळतं, हे तुम्ही बावीस वर्षं बघताय. व्यवस्थापनाच्या वर्गात याला मोठमोठी नावं देतात आणि फी घेतात. तिने ते घरात शिकायचं नाही आणि 35 लाख देऊन परक्या देशात शिकायचं, हे मला पटत नाही.

एजंटाबद्दल. त्याने तुम्हाला एवढं सांगितलं का, की बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे माउखर यांचं गाव ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी विद्यापीठांत आपल्या मुलांना साधारणपणे सत्राला 1500 युरोच शुल्क पडतं? जर्मनीच करायची तर रस्ते आहेत. पण पहिली अट जर्मन भाषेची आहे, निदान बी-1, म्हणजे मधल्या पातळीची, नोकरी हवी तर त्याहून वर. तिथल्या दुकानदाराला माल विकायचा तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत घासाघीस करावी लागणार. माउखर यांनी केली तशी उमेदवारी तिकडे आजही चालते, दोन ते साडेतीन वर्षं, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा आणि बाकीचे कामावर, वर विद्यावेतन. याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, पण त्याचा भर परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन अशा कामांवर आहे. तुमच्या लेकीसाठी तो नाही. कोणी त्याच्या नावावर पैसे मागितले तर देऊ नका.

मग तिने काय करावं? बी.कॉम. पूर्ण करावं. मग दोन वर्षं नोकरी, विक्रीतली किंवा तुमच्या संघासारख्या एखाद्या दूध संघाच्या मार्केटिंग विभागातली. पदवीधरांनाही ॲप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी मिळते, त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवता येतं. पैसे थोडे मिळतील, मिळू देत. कंपनीच्या नावाने नोकरी आली तर एकच प्रश्न आधी विचारा, पगार कोणाच्या पे-रोलवर? बी.कॉम.च्या पोरांना बऱ्याचदा एजन्सीच्या पे-रोलवर घेतात आणि टोपी तेवढी कंपनीची देतात. शिकायला हरकत नाही, पण वर चढायची शिडी तिथे नसते. म्हणून दोनच वर्षं म्हणते.

त्याच काळात कॅट आणि आपली एमबीए सीईटी या प्रवेशपरीक्षांची तयारी. मुंबईची जमनालाल बजाज, आणि तुमच्या घरचा विचार केला तर त्याहूनही जवळची वाटते ती आणंदची इर्मा, ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी, 1979 मध्ये डॉ. कुरियन यांनी उभी केलेली. दूध संघातल्या माणसाची मुलगी तिथल्या मुलाखतीत बोलायला लागली की समोरचे सावरून बसतील. मोठ्या कंपन्या मॅनेजमेंट ट्रेनी घेतात ते अशा ठरावीक संस्थांतून, एजंटाच्या यादीतल्या खासगी संस्थेतून नव्हे. आणि घेतल्यावर पहिल्यांदा पाठवतात कुठे? बाजारात. हिंदुस्तान युनिलिव्हरचे ट्रेनी तर काही आठवडे खेड्यात राहतात. तुमची मुलगी तिथूनच निघालेली.

राहिलं तुमचं ‘पसंत नाही’. त्यामागे पैशाचा नाही, मुलगी बाजारात फिरण्याचा प्रश्न आहे, असं मला पत्राच्या सुरावरून वाटलं. चुकत असेन तर माफ करा. लाइनवर मुली कमी असतात हे खरं आहे, मी गेले तेव्हा तर मी एकटीच होते. माझ्या वडिलांनीही आधी नाहीच म्हटलं होतं. मग ते स्वतः डिस्ट्रिब्युटरच्या दुकानात जाऊन चहा पिऊन आले, मालक बघितला, सेल्समन बघितला, आणि संध्याकाळी सहाच्या आत परत ही अट घातली. तुम्हीही जाऊन या. माणसं बरी वाटली नाहीत तर दुसरा डिस्ट्रिब्युटर बघा, कागल-कोल्हापूरला तोटा नाही.

एजंटाला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर पावती जपून ठेवा आणि पावतीचा फोटो मला पाठवा.