न केलेल्या तासाची सही

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू देवघेव काउंटरपाशी बराच वेळ घुटमळलास आणि शेवटी विचारलंस, "मॅडम, कमवा-शिकाचे पैसे गरीब मुलांसाठीच असतात ना? मग काम केलं काय नि नाही केलं काय?" मागे दोन मुली पुस्तकं परत करायला उभ्या होत्या, म्हणून मी "नंतर बोलू" म्हटलं. रात्री झोप लागली नाही. समोर बसवून बोलले असते तर मी रागावले असते आणि तू मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं असतंस. म्हणून लिहिते आहे.

कमवा-शिका योजनेत रोज कॉलेजात काम करायचं, त्या तासांची वहीत सही करायची आणि तेवढ्या तासांचे पैसे घ्यायचे. पण तुझ्या विभागातल्या साहेबांनी तुला सांगितलं की रोज यायची गरज नाही; महिनाअखेरीला ये, एकदम सह्या मार, तेवढ्या वेळात एमपीएससीचा अभ्यास कर. त्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. दोन एकर कोरडवाहूवाल्याचा पोरगा आहे, घरून पैसे येत नाहीत, तेवढीच मदत. मलाही असाच एक भला माणूस भेटला होता.

१९९२ सालची गोष्ट. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या ग्रंथालयात रोज तीन तास काम, तासाला चार रुपये. फेब्रुवारीत गॅदरिंग आलं आणि अकरा दिवस ग्रंथालयात कोणी फिरकेना. आमच्यावर देखरेख करणारे म्हणाले, "पोरी, काम नाहीये, पण तू सही कर. तुझं नुकसान कशाला?" मी केली. एका बैठकीत अकरा सह्या. तेहेतीस तास, एकशे बत्तीस रुपये. त्यातून चप्पल घेतली आणि गावाला जायचं एसटीचं तिकीट काढलं.

माझ्याच खोलीत राहणारी एक मुलगी त्या वर्षी योजनेच्या प्रतीक्षा यादीत होती. जागा मोजक्या असायच्या. ती दर आठवड्याला ऑफिसात जाऊन विचारायची आणि तिला सांगायचे, "सगळ्या जागा भरलेल्या आहेत, मुलं काम करताहेत." मार्चमध्ये मेसचे पैसे थकले आणि ती घरी निघून गेली. परीक्षेला आली नाही. ती माझ्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. माझे अकरा दिवस तिला दिले असते तरी तिचं वर्ष निघालं असतं का, कोण जाणे. पण "मुलं काम करताहेत" हे ज्या कागदाच्या आधारे तिला सांगितलं गेलं, त्या कागदावर माझी सही होती. आणि ती पत्र्याची ट्रंक उचलून निघाली तेव्हा तिला स्टँडवर सोडायला मी गेले होते, तीच नवी चप्पल घालून.

म्हणून सांगते. न केलेल्या तासाची सही करायची नाही.

तू हुशार आहेस, तेव्हा मेहनतीचं महत्त्व वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. ते तू तुझ्या आईला बघून शिकला आहेस. मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. पैसे गरीब मुलांसाठीच आहेत, बरोबर. पण ही शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती हक्काची असते, तिच्यासाठी एक खुर्चीसुद्धा उचलावी लागत नाही आणि ती घेताना मान खाली घालायचीही गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळावर, महाडीबीटीवर, यांतलं तू काय काय भरलंयस? मला खात्री आहे, तू निम्मं भरलेलं नाहीस. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला दोन खेपा घालायचा कंटाळा, आणि इथे मात्र खोट्या सह्या! याचा मला खरंच संताप येतो. जे हक्काचं आहे ते भांडून घे. जे कामाचं आहे ते काम करून घे. दोन्हींची सरमिसळ झाली की एखाद्या तपासणीत खोटे तास सापडतात आणि खरं राबणाऱ्या पोरांचे पैसेही अडकतात.

ही योजना कुठून आली ते तुला ठाऊक असेल, तरी एक गोष्ट बघ. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, शेतात राबायची. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. म्हणजे द्यायची दानत त्या घरात कमी नव्हती. तरीही भाऊरावांनी पोरांच्या हातात कुदळ दिली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. स्वावलंबी शिक्षण हे त्यांनी ब्रीद म्हणून घेतलं होतं. त्या पोरांपैकी कोणालाही पुढे कोणी "आम्ही तुला शिकवलं" असं ऐकवू शकलं नसेल, असं मला वाटतं. तुझे साहेब उद्या तुला तसं ऐकवू शकतील. खोट्या सहीचे पैसे म्हणजे त्यांचे उपकार. केलेल्या तासाचे पैसे तुझे.

आणि हे दुसऱ्या बाजूनेही तितकंच खरं आहे. तीन तास राबलास आणि वहीत दोन लिहिले, तर गप्प बसायचं नाही. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे जा, गरज पडली तर माझ्याकडे ये, मी बरोबर येते. साहेबांचं लाईटबिल भरायला पाठवलं, त्यांच्या मुलीला शाळेतून आणायला पाठवलं, तर "हे योजनेतलं काम नाही, सर" एवढं नीट शब्दांत सांगायचं. तो तास तू उन्हातून पायपीट करून घालवलेला असला तरी वहीत खोटाच लागतो. केलेला तास सोडायचा नाही, न केलेला घ्यायचा नाही.

या हट्टाची मी किंमत मोजली आहे, तेही सांगते. ग्रंथपाल झाल्यावर एका कॉलेजात मी अशाच एका महिन्याच्या वहीवर सही करायला नकार दिला. तिथले प्रमुख पुढे दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. सहकारी म्हणायचे, चार पोरांच्या शे-दोनशे रुपयांसाठी एवढं काय ताणतेस. मी ताणलं. एकदा एका मुलाचे सत्तावीस तास कापले, तेव्हा त्याचे वडील गावाहून आले आणि माझ्या टेबलासमोर टोपी हातात धरून उभे राहिले. मुलाची आई दवाखान्यात होती, म्हणून तो नऊ दिवस आला नव्हता. मी त्यांनाही नाही म्हटलं. आजही कापलेच असते. पण पुढच्या महिन्यात त्याला सुट्टीच्या दिवसांचं काम देऊन ते तास भरून देता आले असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझं चुकलं ते तिथे. तास कापला म्हणून मी स्वतःला दोष देत नाही. पोराला वाट दाखवली नाही, याचा देते. तुला ती दाखवते आहे.

आता तुझ्या वहीबद्दल. काल तू ती काउंटरवर ठेवलीस तेव्हा पान उघडं होतं. इतकी वर्षं मी या वह्या बघते आहे. खऱ्या दिवसांच्या सह्या एकसारख्या नसतात. एक घाईत वाकडी आलेली असते, एकीवर ओल्या बोटाचा डाग असतो, एक पेन न चालल्यामुळे दोनदा गिरवलेली असते. तुझ्या पानावर सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा सह्या एकाच निळ्या शाईत, एकाच तिरकेपणाने, रेघेला सारख्याच टेकलेल्या आहेत. कामाच्या रकान्यात सहाही ओळींत ‘विभागीय काम’. काल तू मला विचारलंस ते सही करायच्या आधी नव्हतं, नंतर होतं. तरीही विचारलंस, यातच मला तुझी आशा आहे. ज्याला काही वाटत नाही तो विचारायला येत नाही.

तेव्हा असं कर. आधी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट आणि सांग की हे सहा दिवस चुकून भरले गेले, खोडायचे आहेत. साहेबांचं नाव घ्यायची गरज नाही, सही तुझी आहे. त्या सहा ओळींवर आडवी रेघ मार, बाजूला तारीख घालून सही कर. साहेबांना एवढंच सांग, "सर, मी रोज येणार, रोजची सही रोज करणार. परीक्षेच्या महिन्यात काम थांबवायचं असेल तर आधी कळवीन." भांडण करू नकोस. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे.

आणि तुझं काम ग्रंथालयात बदलून माग. मी चिठ्ठी देते. अभ्यास बुडेल ही भीती काढून टाक. सकाळचे तीन तास इथे, मग लेक्चर, मग वाचनकक्ष रात्रीपर्यंत तुझाच आहे. हे काम बिनडोक वाटतं, पण तसं नाही. पुस्तकाच्या पाठीवर विषयाचा क्रमांक असतो: ८९१.४६१ म्हणजे मराठी कविता, ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी. कादंबरी कवितांच्या फळीवर गेली तर दाखल नोंदवहीत ती आहे, संगणकावर आहे, आणि मागणाऱ्याच्या लेखी ती मेली. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. कपाट न लावता ‘कपाट लावले’ अशी सही केलीस, तर कुणीतरी पोरगी अर्धा तास फळ्या धुंडाळून रिकाम्या हाताने परत जाते. तिला कळतही नाही की तिचा अर्धा तास कोणी घेतला. वहीत ‘ग्रंथालयीन काम’ असं मोघम लिहू नकोस. ‘८९१.४६३, कपाट दोन व तीन, क्रमाने लावले, सात पुस्तके चुकीच्या जागी सापडली’ असं लिही. मग खोटं लिहायला हातच धजावत नाही.

मागच्या खोलीत देणगीत आलेल्या पुस्तकांची चार कपाटं भरून पडली आहेत. पुसायची आहेत, वाळवी बघायची आहे, दुबार प्रती वेगळ्या काढायच्या आहेत. खोडलेल्या सहा दिवसांएवढं, अठरा तासांचं काम सहज निघेल, आणि ते ज्या तारखेला करशील त्याच तारखेला वहीत लागेल. सोमवारी सकाळी साडेसातला मागच्या दाराने ये, पुढचं कुलूप आठला उघडतं. नाकाला बांधायला रुमाल आण, धूळ फार आहे.

तुझी,
ग्रंथालयातली मॅडम