नकलेच्या पाठीवरच्या तारखा

कोर्टकचेरीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. उत्तरे देणारे स्तंभलेखक जिल्हा न्यायालयातून नाझर (कोर्टातले पैसे आणि समन्सच्या बजावणीचे काम पाहणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : आईच्या माहेरच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात होता, निकाल आईच्या विरोधात गेला. अपिलासाठी दुसऱ्याच दिवशी निकालाच्या नकलेचा, म्हणजे कोर्टाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीचा, अर्ज दिला. तेव्हापासून दर खेपेला ‘झाली नाही, पुढच्या आठवड्यात या’ एवढंच उत्तर मिळतं. आता तिथल्या एकाने पाचशे रुपये सुचवलेत. वकीलही म्हणतात, देऊन टाका, नाहीतर मुदत जाईल. माहिती अधिकारात नक्कल मागू का? आणि हे थांबावं म्हणून वरचं कुणी काही करतं की नाही?
– एक वाचक भगिनी (नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळले आहे)

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. मुदत जाईल ही भीती आधी मनातून काढा, कारण त्या पाचशे रुपयांचा सगळा जोर त्या भीतीतच आहे.

जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. पण मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला जेवढा वेळ लागणं भाग होतं, तो वेळ या ३० दिवसांत धरत नाहीत. तुम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज दिलात, फार चांगलं केलंत. जे अर्जच उशिरा देतात त्यांना हुकूमनामा (निकालावरून कोर्ट काढतं तो अंतिम आदेश) तयार व्हायला लागलेल्या आधीच्या दिवसांची सूट मिळत नाही, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं.

नक्कल हातात आली की ती उलटून पाहा. मागे शिक्का असतो आणि त्यात तारखा भरलेल्या असतात: अर्ज कधी आला, फी कधी सांगितली, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपील दाखल करून घेताना याच तारखांवरून दिवस मोजतात. ‘तयार’ आणि ‘दिली’ या दोन तारखांमध्ये अंतर पडलं तर ते पक्षकाराच्या अंगावर येतं, कारण नक्कल तयार असूनही तुम्ही नेली नाही असा त्याचा अर्थ होतो. आता समजा, नक्कल ३ तारखेला तयार झाली आणि १० तारखेला तुम्हाला तोंडी सांगितलं की झाली नाही. कागद काय बोलेल? म्हणून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. साध्या कागदावर दोन ओळी लिहा: ‘अर्ज क्रमांक अमुक, आज दिनांक अमुक रोजी नकलेसाठी हजर राहिले, नक्कल तयार नसल्याचे सांगण्यात आले.’ हा कागद आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. पुढच्या खेपेलाही तेच करा. दोन पोचा जमल्या की त्या जोडून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे अर्ज द्या. घाई असेल तर तातडीच्या नकलेची जादा फी पावतीवर भरता येते. ते पैसे सरकारात जमा होतात.

माहिती अधिकारात नक्कल मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की, दाव्यातले कागद कोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागायचे. पण कारभाराची माहिती मागायला त्या निकालाने बंदी घातलेली नाही. ‘गेल्या सहा महिन्यांत नकलेचे अर्ज किती आले, किती शिल्लक आहेत, सर्वात जुना शिल्लक अर्ज कोणत्या तारखेचा’, असं जरूर विचारा.

लाचेबद्दल आणखी एक गोष्ट. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाइलाजाने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत पोलिस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४, फोनला पैसे पडत नाहीत. ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्या वकीलसाहेबांना हे ठाऊक असायला हवं होतं.

वरचं कुणी काही करतं का, याचं उत्तर मी पाहिलेल्या गोष्टीतून देतो. आमच्याकडे एक जिल्हा न्यायाधीश आले. त्यांनी भ्रष्टाचारावर भाषण केलं नाही. दर शनिवारी नकलेचं रजिस्टर टेबलावर मागवायचे आणि आठवड्यापेक्षा जुन्या प्रत्येक अर्जासमोर कारकुनाकडून लाल शाईने कारण लिहून घ्यायचे. ‘रेकॉर्ड मिळत नाही’ असं कारण आलं की रेकॉर्डकीपरला बोलवायचे. ‘मशीन बंद’ असं आलं की स्वतः दुरुस्तीची मंजुरी द्यायचे. खरी अडचण असलेल्या कारकुनाला त्यामुळे आधार मिळाला आणि मुद्दाम अडवणाऱ्याला लपायला जागा राहिली नाही. नकलेच्या खिडकीजवळ दिवसभर घुटमळणारी मंडळी काही महिन्यांत दिसेनाशी झाली. त्या साहेबांची बदली झाली आणि शनिवार थांबला. माझं दुःख तेच आहे. चांगला साहेब आला की कारभार सुधारतो आणि गेला की जैसे थे. हे काम साहेबाच्या स्वभावावर सोडून चालणार नाही, ते नियमात यायला हवं.

कोर्टांचा कारभार संगणकावर आणणाऱ्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर कोणत्या जिल्ह्यात किती दावे आणि फौजदारी खटले पडून आहेत ते घरबसल्या दिसतं. महाराष्ट्राच्या खालच्या कोर्टांतला आकडा ५० लाखांच्या वर आहे. त्याच पडद्यावर नकलेचे शिल्लक अर्जही तारखेसकट यावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे. गरीब माणूस कोर्टात सगळ्यात जास्त अडतो तो नकलेच्या खिडकीवर.

प्रश्न : प्रतिवादी रोज चौकातल्या टपरीवर दिसतो, पण समन्स दर वेळी ‘इसम घरी मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत येतं. समन्स बजावणाऱ्या बेलिफाला ‘गाडीभाडं’ द्यावं लागतं का?

उत्तर : नाही. तुम्ही भरायचा तो समन्सचा भत्ता कोर्टात, पावती घेऊन. बेलिफाच्या हातात रोख द्यायचा पैसा कोणत्याही नियमात बसत नाही. तुम्ही दिलेत तर समोरचा दुप्पट देईल आणि शेरा तोच राहील.

बेलिफ नाझराच्या हाताखाली असतात, त्यामुळे हा शेरा मी आयुष्यभर वाचला आहे. खरा असेल तर त्यात वेळ असते, दाराला समन्स चिकटवल्याचा उल्लेख असतो आणि घर दाखवणाऱ्याचं नाव असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम १७ ला तेच हवं आहे. नुसतं एक वाक्य असेल तर वकिलांना नियम १९ खाली अर्ज द्यायला सांगा, म्हणजे न्यायाधीश बेलिफाला शपथेवर विचारू शकतात. नियम ९-अ प्रमाणे समन्स स्वतः बजावायची परवानगीही मागता येते. आता बेलिफांसाठी एनस्टेप नावाचं मोबाइल ॲप आहे. त्यात बजावणीची जागा आणि फोटो नोंदवण्याची सोय आहे. त्याची नोंद फाईलवर यावी असा आग्रह धरा.

प्रश्न : न्यायाधीशानेच पैसे मागितले तर? त्यांना कुणी हात लावू शकत नाही असं म्हणतात.
– विधी शाखेचा एक विद्यार्थी

उत्तर : लावू शकतात. साताऱ्याच्या एका जिल्हा न्यायाधीशांवर जामिनासाठी पाच लाख मागितल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत विभागाने गुन्हा नोंदवला आणि पुढच्या वर्षी त्यांना सेवेतून काढण्यात आलं.

पण काही आडोसे जाणूनबुजून ठेवलेले आहेत आणि ते असायलाच हवेत. १९८९ मध्ये गुजरातेत नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण करून, बेड्या घालून नेलं होतं. त्यावर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, न्यायिक अधिकाऱ्याला अटक करायची तर जिल्हा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाला कळवून करा. फौजदाराला नको असलेला जामीन दिला म्हणून न्यायाधीशाला तुरुंग दिसू लागला तर सामान्य माणसाला कोण जामीन देईल?

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने खालच्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण सरकारकडे न देता उच्च न्यायालयाकडे दिलं. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांवर देखरेखीसाठी उच्च न्यायालयाचे पालक न्यायमूर्तीही नेमलेले असतात. ही मांडणी मला मनापासून पटते. फक्त तिच्यातलं काही बाहेर दिसत नाही. वर्षभरात तक्रारी किती आल्या, चौकशी किती झाल्या, किती जणांना काढलं, किती तक्रारी खोट्या निघाल्या, एवढे आकडे उच्च न्यायालयाने दर वर्षी जिल्हावार छापावेत. नावं नकोत. त्याने प्रामाणिक न्यायाधीशांची मान ताठ होईल. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले बहुतेक तसेच होते आणि चार जणांमुळे त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं जातं, याचा मला राग येतो.

तक्रार करायचीच झाली तर निकाल चुकला म्हणून करू नका, त्याला अपील आहे. पैसे कुणी, कधी, कुणामार्फत मागितले ते लिहा, पडताळता येईल असा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडा, आणि खाली स्वतःची सही करून उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे पाठवा. निनावी पत्राची दखल सहसा घेतली जात नाही.