उत्तर: मेक.कॉन्फमध्ये व्हर्जन लिहूनही पीएचपी का पडतं?

भाऊ, तुमची पोस्ट वाचून माझ्याच जुन्या जखमेवरची खपली निघाली. तुम्ही फ्रीबीएसडी सर्व्हरवर मेक.कॉन्फमधल्या (बिल्डच्या सेटिंगची फाइल) डिफॉल्ट व्हर्जन्सच्या ओळीत 'एसएसएल=ओपनएसएसएल' (ओपनएसएसएल म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी) लिहिलं, पीएचपीचं एकच एक्स्टेन्शन पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सपासून, बनवलं, बाकी सगळं पीकेजीचं, म्हणजे तयार पॅकेजांचं, तसंच ठेवलं, आणि आता पीएचपी-एफपीएम (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा प्रोग्राम) अधूनमधून सेगफॉल्ट (मेमरीची चूक) खाऊन पडतं. हाव ना, हेच मी 2023 च्या सप्टेंबरात नागपुरात बर्डीवरच्या एका क्लायंटच्या फ्रीबीएसडी 13 वर करून बसलो होतो.

त्या 11 सप्टेंबरला ओपनएसएसएल 1.1.1 चा सपोर्ट संपत होता आणि 13 च्या मूळ सिस्टिममध्ये नेमकी तीच. मला वाटलं, ओळ लिहिली की झाली अख्खी सिस्टिम 3 वर. तसं होत नाही. ती ओळ फक्त तुमच्या मशीनवर यापुढे जे बिल्ड होईल त्याच्यासाठी. आधी बसलेलं आपोआप बदलत नाही. पीकेजीने उतरवलेली पॅकेजं तर फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या बिल्ड मशीनवर, तिथल्या डिफॉल्टने बनलेली असतात. तुमची फाइल त्यांच्या खिजगणतीतही नसते. मग 13 वर तुमचं एक्स्टेन्शन यूएसआर-लोकलमधली (पोर्ट्स-पॅकेजं बसतात ते फोल्डर) 3 उचलतं, पीकेजीची लिबकर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) मूळ सिस्टिमची 1.1.1 उचलते, आणि दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये. फंक्शनांची नावं सारखी, आतला माल वेगळा. एका म्यानात दोन तलवारी.

हे शोधायला एलडीडी (कोणती फाइल कुठली लायब्ररी उचलते ते दाखवणारी) ही एक कमांड पुरली असती. मी घालवले दोन दिवस, कारण मी होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टवर विसंबलो. नाव घेत नाही. पहिलं उत्तर, 'सर्व्हर रीस्टार्ट करा'. दुसरं, 'रॅम वाढवा', सोबत कोटेशन. तिसऱ्यांदा पहिलंच उत्तर, खाली वेगळ्या माणसाची सही. पोळ्याचा दुसरा दिवस होता, महाल भागात मारबत (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक) निघालेली, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मनातल्या मनात त्या सपोर्टला 'घेऊन जा गे मारबत' म्हणत होतो. अर्थात मूळ चूक माझीच, पण लॉग उघडून तर पाहायचा होता, राजेहो.

तर माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: काही पीकेजी आणि काही पोर्ट्स ही खिचडी करूच नका. डिफॉल्ट बदलायचंच असेल तर वेगळ्या मशीनवर पुद्रिएर (पोर्ट्समधून एकगठ्ठा पॅकेजं बनवणारं साधन) लावा, त्याच्या स्वतःच्या मेक.कॉन्फमध्ये ती ओळ लिहा, सगळी पॅकेजं तिथे बनवा आणि सर्व्हरला तीच रिपॉझिटरी द्या. वेळखाऊ आहे. मे महिन्यात करणार असाल तर ते मशीन कूलरसमोर ठेवा, थट्टा नाही करत. एवढा खटाटोप नको असेल तर ओळ काढून टाका, ते एक्स्टेन्शन पीकेजीतून परत बसवा आणि प्रकल्पाचं डिफॉल्ट मान्य करा. दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगेन.

पीकेजी लॉकने ते एक पॅकेज धरून ठेवा असा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. अपग्रेडमध्ये ते पुसलं जाणार नाही हे खरं, पण तलवारी दोनच राहतात.

आणखी दोन गोष्टी. मेक.कॉन्फच्या त्या ओळीत बेरीज-बरोबर (+=) लिहा, नुसतं बरोबर (=) नाही. नाहीतर वर पायथनची किंवा पीएचपीची व्हर्जन लिहिली असेल ती पुसली जाते. दुसरं, पीकेजी तिमाही शाखेवर (दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या) आणि पोर्ट्सचं झाड (सोर्सचा संग्रह) ताजं, असं तर नाही ना? तोही वेगळा घोळ घालतो.

घरच्या उबुंटूवर पायथन3 ची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडे फिरवायचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय. नका फिरवू. ॲप्टचा (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) पायथन मॉड्यूल ठरावीक व्हर्जनसाठीच कंपाइल केलेला असतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कामापुरता वेगळा पायथन, वापरा.

हे सगळं तुमचं मशीन न पाहता सांगतोय, त्यामुळे आधी बॅकअप. त्या एक्स्टेन्शनच्या आणि लिबकर्लच्या .एसओ (लायब्ररीच्या) फाइलींवर एलडीडी चालवून आउटपुट इथे टाका. लिबएसएसएलसमोर (ओपनएसएसएलची फाइल) दोन वेगळे फोल्डर-पाथ दिसले तर तुमचं दुखणं हेच.