पहिलं एन्का कुठलं म्हणू?

प्रश्न : मी 63 वर्षांची, सांगलीची. बँकेतून निवृत्त झाले. सध्या लेकीकडे टोकियोत, निशि-कासाईला आले आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी दर बुधवारी दुपारी कराओकेला जातात, मलाही नेतात. सगळे सत्तरीपुढचे आणि सगळे एन्का, म्हणजे जुन्या धाटणीची जपानी भावगीतं, म्हणतात. दोन बुधवार मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. आता त्या आग्रह करताहेत. घरी भजनी मंडळात वीस वर्षं गाते आहे. हिरागाना ही जपानी अक्षरं अडखळत वाचते, अर्थ फारसा कळत नाही. लेक म्हणते, ‘त्सुगारू’ म्हण, मस्त आहे. काय करू?

उत्तर : ताई, लेकीचं एवढं एक ऐकू नका. निदान या बुधवारी तरी.

‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ मस्त आहे यात वादच नाही. इशिकावा सायुरीचं 1977 सालचं गाणं. टोकियोतल्या उएनो स्टेशनाहून रात्रीच्या गाडीनं निघालेली बाई बर्फातल्या आओमोरी स्टेशनावर उतरते आणि बोटीत बसून त्सुगारूची सामुद्रधुनी ओलांडते. (1988 मध्ये समुद्राखालून बोगदा झाला आणि ती बोटसेवा बंद पडली. गाण्यात ती अजून चालते.) पण पहिल्याच शब्दाला नवखा माणूस घसरतो. आपण ‘उएनो’ एका झटक्यात म्हणून मोकळे होतो. तिथे उ, ए, नो असे तीन सुटे घास आहेत, तीन मात्रांत तीन, आणि पुढचे शब्दही तसेच तिना-तिनांनी येतात. एक घास चुकला की पुढची गाडी सापडत नाही. शिवाय शेवटी चाल वर चढते तेव्हा छातीत दम शिल्लक लागतो.

तुम्ही ‘कितागुनी नो हारू’ घ्या, म्हणजे उत्तरेकडचा वसंत. हेही 1977 चंच. गायक सेन मासाओ, उत्तरेतल्या इवातेचा. चाल एन्दो मिनोरूंची. शहरात राहणाऱ्या मुलाला आईचं छोटंसं गाठोडं येतं. शहरात तुला ऋतू कुठला कळणार, म्हणून धाडलेलं. मग त्याला गाव आठवतं आणि कडव्याच्या शेवटी तो स्वतःलाच विचारतो, जावं का परत? अर्थ कळत नाही म्हणालात ना, तुम्ही लेकीसाठी आणलेली मेतकुटाची पिशवी डोळ्यांसमोर ठेवा, झालं.

सोपं का, तर कडवं तीन सुट्या शब्दांनी सुरू होतं : भूर्जाचं झाड, निळं आभाळ, दक्षिणेचा वारा. ना क्रियापद, ना प्रत्यय. शब्द टाकायचा, श्वास घ्यायचा, पुढचा टाकायचा. आणि चाल तुमच्या गळ्यात आधीपासून आहे. अशा उजळ एन्कांच्या स्वरांना जपानीत ‘योनानुकी’ म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा काढून टाकलेले. मध्यम, निषाद वर्ज्य. उरलं काय? सा रे ग प ध. पेटीच्या क्लासात पहिल्या महिन्यात शिकवतात तो भूप! उदास एन्कांमध्ये गंधार आणि धैवत कोमल होतात, शिवरंजनीचा धैवत उतरवल्यासारखं काहीतरी. ते पुढच्या खेपेला.

उच्चाराचीही धास्ती नको. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ ‘त्सु’शी झगडते, आपल्याकडे तो ‘चूल’मध्ये घरचाच आहे. आईच्या त्या गाठोड्याला जपानीत ‘त्सुत्सुमी’ म्हणतात. दोन्ही वेळा चुलीतला च म्हणा, ‘चमत्कारा’तला नको. निळ्या आभाळाला ‘आओझोरा’. त्यातला झो ‘जोर’मधल्या जो सारखा. फक्त दीर्घ स्वराला दोन मात्रा द्या आणि ‘न्’ला स्वतःची एक. पडद्यावर कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, त्यांच्या डोक्यावर बारीक हिरागाना येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अडखळत वाचेपर्यंत ओळ निघून जाते. एकच कडवं देवनागरीत वहीत उतरवून पाठ करा. दुसऱ्या कडव्याला आजींना माइक द्या, त्या नाही म्हणणार नाहीत.

आता खरी काळजी मला तुमच्या वीस वर्षांच्या भजनाची आहे. माझंच सांगते. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी एका छोट्या बारमध्ये मी हेच गाणं म्हटलं. पहिल्या ओळीनंतर अंगात आलं, शेवटचा स्वर धरून छानपैकी एक हरकत घेतली, मग तिला जोडून दुसरी. आपले पेटीवाले काका मान डोलावत थांबतात, मशीन कशाला थांबतंय? समेवर आले तेव्हा पडद्यावरची अक्षरं रंगून दीड ओळ पुढे गेली होती. सगळे ‘जोझु, जोझु’ म्हणाले. जपानी माणूस ‘छान, छान’ म्हणाला की समजायचं, अजून बरंच शिकायचंय. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला आणि हळूच सांगितलं, ‘कोबुशी तिथे नसते.’

कोबुशी म्हणजे एन्कातली मुरकी. स्वर क्षणभर वळवून लगेच जागेवर आणायचा. तिच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात, आणि ऐकणाऱ्यांना त्या आरतीतल्या टाळीसारख्या पाठ असतात. म्हणून पहिल्यांदा एकही घेऊ नका, सरळ म्हणा. सरळ गाणंच तुम्हाला जड जाईल बघा.

पट्टीचं आजच पाहून घ्या. मूळ गाणं पुरुषाच्या पट्टीत आहे, तुमची असेल काळी चार-पाच. मशीनवर ‘की’चं बटण असतं, एका दाबात अर्धा स्वर. घरी किती घरं सरकवावं लागतं ते मोजून ठेवा आणि तिथे सांगा. उतरवायची असेल तर ‘की ओ सागेते कुदासाइ’. यात कमीपणा नाही, तिथले निम्मे लोक तेच करतात.

जपानची लाडकी गायिका मिसोरा हिबारी, तिचं ‘कावा नो नागारे नो यो नी’ मात्र कुणी कितीही भरीला घातलं तरी सध्या म्हणू नका. जानेवारी 1989 मध्ये ते आलं आणि जूनमध्ये ती गेली, 52 वर्षांची. तुमच्या मंडळींच्या मनात तो आवाज पक्का बसलेला आहे. शिवाय सुरुवात खालच्या स्वरांत, धृपद एकदम वर. इशिकावा सायुरीच्याच ‘आमागी-गोए’ या गाण्याचं तर नावच नको.

जायच्या आधी आजींना एकच विचारा : ‘कितागुनी’ कुणाचं ‘ओहाको’ आहे का? ओहाको म्हणजे ज्याचं-त्याचं ठेवणीतलं गाणं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. असलंच कुणाचं तर किताजिमा साबुरोचं ‘योसाकू’ (1978) तयार ठेवा. लाकूडतोड्याचं गाणं, शब्द मूठभर. दोन शब्दांच्या मधे मात्र स्वर लांब धरावे लागतात, पण विठ्ठलनामाचा गजर लांबवणाऱ्या बाईला दमाचं काय सांगायचं! त्यात ‘हेइ हेइ हो’ येतं, तिथे सगळी खोली तुमच्याबरोबर म्हणेल.