उपचार संपले, आता माझ्याकडे लक्ष कोण देणार?

"केमो चालू होती तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. आता सगळं संपलंय, तर रात्र रात्र झोप नाही."

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण केलेल्या एका ताईंची ही तक्रार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) उपचार संपवून आलेले अनेक जण हेच सांगतात. इतके महिने कुणी ना कुणी तपासत असतं, रिपोर्ट बघत असतं. ते एकदम थांबलं की माणूस उघडा पडल्यासारखा होतो.

ताईंनी आपल्यापुरता उपाय काढला होता: दर महिन्याला ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ताची तपासणी) आणि मधूनमधून पेट स्कॅन (कॅन्सर कुठे पसरलाय का हे बघणारा शरीराचा स्कॅन), तेही स्वतःच्या मनाने. प्रत्येक रिपोर्टच्या आधी घास उतरायचा नाही.

'घाबरू नका' असं मी म्हटलं नाही. आजार उलटण्याची भीती खोटी नसते. त्याऐवजी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी बसून लिहिले. मला कोणती औषधं किती दिली गेली? पुन्हा कधी यायचं? काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं? आणि बीपी, शुगर कोण बघणार?

उत्तरं मिळाली, ती एका कागदावर उतरवली. पहिली 3 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी, पुढची 2 वर्षं 6 ते 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दरवर्षी. काही त्रास नसताना मार्कर आणि पेट स्कॅन करत राहण्याची गरज नाही, हे डॉक्टरांनीच स्पष्ट केलं. उलट ज्याकडे खरंच लक्ष हवं होतं, ते ताईंच्या यादीत नव्हतंच. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा परिणाम हृदयावर पुढे कधीतरी दिसू शकतो, म्हणून दम लागला किंवा पाय सुजले तर लगेच सांगायचं. त्यांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होऊ शकतात, तेव्हा हाडांची घनता मोजायची. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात जड वाटला, सुजला, तरी अंगावर काढायचं नाही.

हे वेळापत्रक मात्र दुसऱ्या कुणी उचलू नये. आतड्याच्या कॅन्सरनंतर सीईए ही मार्करची तपासणी नेमाने करतात. ज्याचा आजार, त्याचा आराखडा.

कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे गेली. तपासणी जवळ आली की ताईंची भीती अजूनही वाढते, म्हणून त्याच आठवड्यात आम्ही भेटतो. स्वतःच्या मनाने तपासण्या करणं त्यांनी थांबवलं आहे.