भीड ठेवू नकोस, असं तिला सांग

"मावशी, लेक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजला जाणार. खोली मिळाली, फी भरली, चादरी-उशा घेऊन झाल्या. तरी मला रात्री झोप लागत नाही. शाळेत ती कायम पहिल्या पाचात. पण तिथे कसं होईल? तिला काय सांगून पाठवू? आणि पहिला आठवडा मी कॉलेजजवळच्या हॉटेलात राहू का?"
(न्यू जर्सीहून एक आई)

तुझं माहेर आमच्या बडोद्यातलंच, सुरसागर तळ्याच्या पलीकडचं, आणि पत्रात मला मावशी म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते.

पहिल्या पाचात असायची, हे वाचून माझी काळजी थोडी वाढलीच. मी इथे बडोद्यात कितीतरी वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवलं. दर जूनमध्ये नव्वदच्या वर टक्के घेऊन आलेली मुलं समोर बसायची आणि पहिल्या चाचणीत त्यांच्यातली निम्मी घसरायची. तिथून वर यायची ती, जी पेपर हातात घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहायची. "बाई, हे कळलं नाही." एवढंच चार शब्दांचं वाक्य. पण शाळेत ज्याला सगळं कळत आलंय, त्याच्या तोंडाला या वाक्याची सवयच नसते.

त्यातून आपली मराठी घरं. कुणाला त्रास देऊ नये, दुसऱ्याकडे काही मागू नये, मोठी माणसं कामात असताना मध्ये बोलू नये. पाहुणा म्हणून जाताना हे वळण शोभतं. कॉलेजात मात्र ते मुलाला बुडवतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडेच म्हणतात, आणि ही म्हण मी आमच्याच घरात खरी होताना पाहिली आहे.

माझा भाचा अमेरिकेत वाढला, तिथल्याच एका कॉलेजात गेला. पहिल्याच सत्रात रसायनशास्त्र. वर्गात तीनशे मुलं. पहिल्या परीक्षेत शंभरात एक्केचाळीस. शाळेत असं झालं असतं तर बाईंनी थांबवून विचारलं असतं, घरी ईमेल आली असती. इथे कुणीच काही विचारलं नाही. प्राध्यापक दर मंगळवारी दुपारी दोन ते चार खोलीत भेटायचे. हा एकदा त्या मजल्यापर्यंत गेलाही. दार अर्धं उघडं होतं, आत ते काहीतरी वाचत बसले होते. 'कशाला त्रास द्यायचा' असं मनाशी म्हणून हा जिना उतरला. विषय सोडायची तारीख गेली, डिसेंबरात नापास झाला, आणि आम्हाला कळलं जानेवारीत. बहीण रडत म्हणाली, "अरे, सांगायचंस तरी!" तो म्हणाला, "तू रोज विचारायचीस, सगळं ठीक ना? मी हो म्हणायचो." ते अर्धं उघडं दार माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

म्हणून लेकीला एकच गोष्ट शिकवून पाठवायची असेल तर विचारायला शिकव.

तिथली रीत तुला ठाऊक असेल असं धरून चालत नाही, कारण आपल्यातले बहुतेक जण तिकडे थेट एमएस करायला गेले. पदवीचं पहिलं वर्ष त्यांनी तिथे पाहिलेलं नसतं. पहिल्या दिवशी प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळेल. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिकडे तो प्राध्यापकाचा लेखी शब्द असतो. परीक्षा कधी, कशाला किती गुण, उशिरा दिलेल्या कामाचे किती कापणार, ऑफिस अवर्स, म्हणजे प्राध्यापकांना खोलीत भेटायच्या वेळा, कोणत्या वारी, सगळं त्यात. पाचही विषयांचे सिलॅबस समोर ठेवून सगळ्या तारखा एका कॅलेंडरवर उतरवायला तिला एक संध्याकाळ लागेल, ती पहिल्याच आठवड्यात काढायला सांग. त्याच कॅलेंडरवर कॉलेजच्या दोन तारखा लाल शाईने हव्यात: विषय बदलायची शेवटची तारीख, जी साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच येते, आणि विषयातून माघार घ्यायची. माघार घेतली तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू उमटतो, पण सरासरीला धक्का लागत नाही. एफ, म्हणजे नापासाचा शेरा, मिळाला तर मात्र लागतो. भाच्याला हे दुसऱ्या सत्रात कळलं.

वेळेचं गणितही तिच्यासमोर मांड. शाळेत दिवसाचे सहा-सात तास वर्गातच जायचे. कॉलेजात विषयांचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात; पंधरा क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात साधारण पंधराच तास. मुलांना वाटतं केवढा मोकळा वेळ! पण वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास धरलेला असतो. म्हणजे पंधराचे पंचेचाळीस होतात, आणि त्यातल्या तीस तासांना घंटा वाजवणारं कुणी नसतं. दोन तासिकांच्या मधला वेळ लायब्ररीत काढणारी मुलं रात्री बारा वाजता रडत नाहीत, हे इथेही पाहिलंय.

ऑफिस अवर्सना जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही. "मला काहीच कळत नाही" म्हटलं तर प्राध्यापक तरी काय करणार? गणित अर्धं सोडवलेला कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, इथपर्यंत आले, इथे अडले. ईमेल लिहिली तर तीही तशीच: कोणता विषय, कोणता वर्ग, काय करून पाहिलं, कुठे अडलं. चार ओळी पुरतात. आणि पहिली भेट अडचण यायच्या आधीच, पहिल्या दोन आठवड्यांत व्हावी. नुसतं नाव सांगायला गेली तरी चालेल. एकदा उंबरा ओलांडला की दुसऱ्यांदा पाय अडत नाही. प्राध्यापक अवघड वाटले तर टीए, म्हणजे त्यांना शिकवण्यात मदत करणारे मोठे विद्यार्थी असतात, शिकवणी केंद्र असतं, लेखनात मदत करणारं केंद्र असतं. बहुतेक ठिकाणी या सगळ्याचे पैसे फीमध्येच धरलेले असतात.

विचारण्याचा विषय निघाला की मला आपल्या बडोद्याचीच गोष्ट आठवते. भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यासाठी केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बी.ए.साठी शिष्यवृत्ती मिळाली. मग १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. त्यांच्या लंडनमधल्या शिक्षणासाठी कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिथल्या अध्यापकांना शिफारसपत्र लिहिलं. वर्गाच्या शेवटच्या रांगेत न बोलता बसलेल्या मुलासाठी असं पत्र कुणी लिहू शकत नाही, लिहायला काही असावं लागतं. एवढं शिकून १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तेव्हा ते कमाटी बागेत जाऊन बसले होते, आणि त्या जागेवरून जाताना आम्हा बडोदेकरांची मान खाली जाते. तुझी लेक पुढच्या वेळी आली की तिला तिथे घेऊन जा, दोन्ही गोष्टी सांग.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची मुलगी महिनाभर माझ्याकडे होती. तीही कॉलेजला निघालेली, तीही हुशार, तीही मुखदुर्बळ. तिला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले. जुन्या बडोद्याच्या इमारतींवर एखादं पुस्तक मिळेल का ते विचार म्हटलं आणि मी दाराशी बाकावर बसले. ती काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. ग्रंथपाल रजिस्टरात काही लिहीत होते. तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, मग परत आली. "आजी, तू विचार ना. माझं मराठी चांगलं नाहीये, गुजराती तर येतच नाही." मी म्हटलं, जेवढं येतंय तेवढ्यात विचार. पुन्हा गेली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. चांगली दहा मिनिटं. शेवटी इंग्रजी-मराठी-हिंदी एकत्र करून काय ते बोलली. ते गृहस्थ चष्मा काढून उठले, तिला घेऊन आत गेले आणि बाहेर आले तेव्हा तिच्या हातात दोन पुस्तकं होती आणि ते तिला तिसऱ्याबद्दल सांगत होते. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "ते खूश झाले, आजी." हेच तिला माहीत नव्हतं. ज्याला आपल्या विषयाची आवड असते, त्याला विचारलं की आनंद होतो.

तुझ्याकडे अजून काही आठवडे आहेत. तोवर डॉक्टरची अपॉइंटमेंट, बँकेतलं काम, औषधाच्या दुकानातला फोन तिला करू दे. तू शेजारी उभी राहून कुजबुजू नकोस.

आता तुझ्याबद्दल. तिकडे फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरली तरी गुण विचारायला तुम्ही फोन केलात तर कॉलेज बहुधा सांगणार नाही. यावर कितीतरी घरांत मुलांकडून पासवर्ड मागून घेतात. माझं स्पष्ट मत आहे, मागू नकोस. चोरून पाहिलेल्या गुणांवर बोलणं झालं की ती पुढच्या वेळी खरं सांगणार नाही. आजारपणाचं मात्र वेगळं. अठरा पूर्ण झाल्यावर डॉक्टरही तिच्या परवानगीशिवाय तुला काही सांगायला बांधील नाहीत, तेव्हा हेल्थ प्रॉक्सीच्या, म्हणजे ती आजारी असताना तिच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार तुला देणाऱ्या कागदावर तिच्याशी बोलून, तिच्या मर्जीने सही घे. तुमच्या विम्यात ती सव्वीस वर्षांची होईपर्यंत राहू शकते. कॉलेजने आपला विमा परस्पर बिलात घातला असेल तर ठरल्या तारखेच्या आत नको म्हणून कळवावं लागतं. आणि ती एच-फोरवर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या मुलांच्या व्हिसावर असेल तर एकविसाव्या वाढदिवसाच्या कितीतरी आधी वकिलाला गाठा, कारण त्या दिवशी तो व्हिसा संपतो.

फोन रोज नको. रविवारचा एक ठरव, मधे तिचा आला तर आनंदाने घे. पण "सगळं ठीक ना?" विचारू नकोस, त्याचं उत्तर 'हो' हेच येतं. त्यापेक्षा विचार, या आठवड्यात कुणाशी बोललीस? काय अवघड गेलं? जेवायला कुणाबरोबर बसतेस? आणि अवघड सांगितलं तर लगेच उपाय सुचवू नकोस, आधी पूर्ण ऐकून घे. आवाज सलग दोन-तीन आठवडे पडलेला वाटला, झोप उडालेली वाटली, तर कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जा असं सरळ सांग. ९८८ हा नंबर तिच्या फोनमध्ये आताच घालून ठेव, अमेरिकेत तो कधीही लागतो. लोक काय म्हणतील हा विचार इथे आड येऊ देऊ नकोस. आपल्या समाजात त्यापायी मुलं एकटी पडलेली मी पाहिली आहेत.

हॉटेलचं विचारलंस. नको. सामान लाव, पलंगावर आजीची गोधडी अंथर, सोबत लीलो चेवडो दे, तिच्या खोलीतल्या मुलीशी दोन शब्द बोल आणि अंधार पडायच्या आत निघ. पहिल्या आठवड्यात सगळीच मुलं एकटी असतात, म्हणून सगळी एकमेकांशी बोलतात. तू जवळ असलीस तर ती संध्याकाळी तुझ्याकडे येईल आणि तो आठवडा हातचा जाईल. गाडीत रडायला येईल, रडून घे.

ऑक्टोबरात मिडटर्म झाल्या की मला लिही. तिलाही लिहायला सांग, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. तिचं पत्र मात्र तू वाचायचं नाहीस.