रिव्हर्समधली गाडी आणि वाटेवरची गाडी: आधी कोण?

प्रश्न : कॉलेज रोडवरच्या एका व्यापारी संकुलात मी गाडी रिव्हर्सने बाहेर काढत होते. निम्मी गाडी बाहेर आल्यावर मधल्या वाटेने आलेल्या कारला माझा बंपर लागला. मी आधी निघाले होते, म्हणून त्यांनी थांबायला हवं होतं ना?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही. मधल्या वाटेने सरळ येणारी गाडी आधी, जागेतून निघणारी नंतर. मोटार वाहनांच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग विनियमांनुसार रिव्हर्स घेताना कोणाला धोका होणार नाही याची खात्री चालकानेच करायची असते. तुम्ही आधी निघालात, एवढ्याने ही जबाबदारी टळत नाही. समोरची कार वेगात होती का, हा मुद्दा मात्र उरतोच. ताशी १० किलोमीटरला गाडी सेकंदाला २.८ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोहोचायला लागणारा एक सेकंद धरला, तर कोरड्या जमिनीवर ती साधारण साडेतीन मीटरमध्ये थांबते. ताशी २० ला हेच अंतर आठ मीटरच्या पुढे जातं, म्हणजे मध्ये तीन गाड्यांच्या जागा निघून जातात. म्हणून पार्किंगमध्ये पहिला गिअर आणि १० चा वेग, याहून जास्त लागतच नाही.

खरा उपाय बाहेर पडतानाचा नाही, आत शिरतानाचा आहे. गाडी रिव्हर्सने आत लावा आणि सरळ बाहेर काढा. आत येताना रिकामी जागा तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली असते. बाहेर पडताना मात्र नाक आत असेल, तर शेजारच्या एसयूव्हीआडून वाट दिसेपर्यंत तुमची डिकी वाटेत आलेली असते. शिवाय वळणारी चाकं पुढची असल्यामुळे रिव्हर्समध्ये गाडी कमी रुंदीत आत वळते. नाकाने शिरताना मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात आणि शेजारच्या गाडीचा कोपरा घासतो.

लावताना उभ्या गाड्यांच्या रांगेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवा. इंडिकेटर द्या, रिकामी जागा ओलांडून पुढे जा, नाक उलट दिशेला तिरकं करून थांबा. मागून कोणी येत नाही हे पाहून स्टिअरिंग वळवा आणि क्लचवर हळू मागे या. दोन्ही आरशांत शेजारच्या गाड्यांपासूनची फट सारखी दिसू लागली की चाकं सरळ करा. या सगळ्यात पुढचा कोपरा विरुद्ध बाजूला बाहेर फिरतो. नजर मागे खिळलेली असल्यामुळे खांबाला घासतो तो हाच. आणि हॅझर्ड लावू नका: चारही दिवे लुकलुकले की तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

प्रश्न : बेसमेंटचा रॅम्प एकाच गाडीपुरता आहे. वर येणाऱ्याने थांबायचं की खाली जाणाऱ्याने?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : खाली जाणाऱ्याने. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा घाटातला नियम इथेही तितकाच योग्य आहे, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते. चढणाऱ्याच्या मागे असाल तर किमान एका गाडीइतकं अंतर सोडा. स्वतः चढावर अडकलात तर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच इतका सोडा की इंजिनाचा आवाज बसेल आणि नाक किंचित उचलेल. मग रेस देत हँडब्रेक सोडा. उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नका. उन्हातून अंधारात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, तेव्हा रॅम्पच्या तोंडाशीच लो बीम लावा. पावसाळ्यात टायरबरोबर आत आलेल्या पाण्याने गुळगुळीत जमीन निसरडी होते. वळणावर ब्रेक मारण्यापेक्षा वळणाआधीच वेग कमी करा.

खाली दोन आतल्या वाटा एकमेकींना छेदतात तिथे पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. रस्त्यावरच्या चौकाचा नियम हाच आहे.

प्रश्न : रिकाम्या जागेत माणूस उभा करून जागा 'धरता' येते का?

उत्तर : जागा गाडीची, उभ्या माणसाची नाही, असाच संकेत आहे. जो आधी आला आणि इंडिकेटर देऊन थांबला, त्याची पाळी. पण उभ्या माणसाच्या दिशेने गाडी पुढे रेटणं कोणत्याही वादात समर्थनीय नाही. पुढची जागा शोधा.

प्रश्न : पंचवटीत गोदाघाटाजवळ सणाच्या दिवशी गाडी लावतो. सेन्सर आणि कॅमेरा असताना मागे वळून पाहायची गरज आहे का?
– एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : आहे, आणि तिथे तर सगळ्यात जास्त. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण ते ध्वनिलहरी परत आल्या तरच 'पाहतात'. बारीक खांब, साखळी, बंपरच्या खाली येणारा कठडा त्यांच्यातून निसटू शकतो. चिखल बसला तर सेन्सर गप्प बसतो किंवा विनाकारण ओरडतो. बाजूने झपकन येणारी दुचाकी त्याला उशिरा कळते. कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाचा थेंब बसला की चित्र पुसट होतं.

घाटाजवळ पिशव्या घेतलेली, मुलांचा हात धरलेली माणसं गाड्यांच्या मधूनच चालतात. गाडीत बसण्याआधी मागे एक फेरी मारा, विशेषतः लहान मूल गाडीमागे जमिनीवर बसलं असेल तर तेव्हाच दिसेल. मग दोन्ही आरसे, मागची काच, आणि रिव्हर्स दिवा लागल्यावर दोन सेकंद थांबून सुरुवात. शेजारी यात्रेकरूंची बस असेल तर बाजूचं काहीच दिसत नाही. अशा वेळी सोबतच्या माणसाला खाली उतरवा, पण त्याला गाडीच्या मागे नको, तुमच्या आरशात दिसेल असं बाजूला उभं करा. तो आरशातून नाहीसा झाला की लगेच ब्रेक.